चेहरा ओळखीचा, नाव गायब: स्नेहसंमेलनात कामी आलेली युक्ती

शाळेतल्या बॅचचं स्नेहसंमेलन ठरलं तेव्हा माझी धास्ती एकच: चेहरा ओळखेन, पण नाव काही केल्या आठवणार नाही. त्यात कुणाचं आडनाव बदललेलं, कुणाचे केस गेलेले. हा निव्वळ वयाचा दोष नव्हे. मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली ३९२ जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. शाळा सुटून सुमारे १५ वर्षांनीही वर्गमित्र ओळखण्यात लोक ९० टक्क्यांच्या आसपास अचूक होते; स्वतःहून नावं आठवताना मात्र बरेच मागे पडले.

म्हणजे मेंदूला खूण हवी. मग वर्गाच्या जुन्या ग्रुप फोटोतून एकेक चेहरा कापून बिल्ले बनवले. शाळेतलं नाव ठळक, आताचं आडनाव बारीक. हुद्दा मुद्दाम वगळला, नाहीतर गप्पा थेट पगारावर जातात! एकाने तर टोपणनावच लिहायला लावलं, आणि खरं सांगायचं तर त्याशिवाय त्याला कुणी ओळखलंच नसतं.

बोलायला सुरुवात करताना ‘सध्या काय करतोस?’पेक्षा ‘कुणाच्या बाकावर बसायचास?’ हा प्रश्न जास्त चालला. बिल्ला मात्र दोरीने लटकवू नका, हमखास उलटा फिरतो. उजव्या खांद्याजवळ पिनेने लावा. हात मिळवताना नजर आपोआप तिकडे जाते.