डिओरच्या ‘बार’ सूटचं स्केच कसं काढावं, टोपी-हातमोज्यांसकट

१२ फेब्रुवारी १९४७ला फ्रेंच फॅशन डिझायनर ख्रिस्तियान डिओरनं पॅरिसमध्ये आपलं पहिलं कलेक्शन दाखवलं. युद्धात कापड रेशनवर होतं, म्हणून कपडे आखूड आणि खांदे चौकोनी. डिओरनं सगळं उलटं केलं: उतरते खांदे, आवळलेली कंबर, पोटरीपर्यंत घोळदार स्कर्ट. त्यातला ‘बार’ सूट हात बसवायला उत्तम, कारण रंग दोनच. जाकीट क्रीम रेशमी, स्कर्ट काळा लोकरी.

कागद उभा घ्या. डोक्याची उंची हे माप धरलं तर खरा माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो, फॅशन स्केचमध्ये नऊ धरा. वाढीव उंची कंबरेखाली टाका. गळ्याच्या खळगीतून सरळ खाली रेघ सोडा. ज्या पायावर भार आहे त्याची टाच तिच्यावर आली पाहिजे, नाहीतर बाई पडते आहे असं वाटतं.

लगेच टोपी, हातमोजे आणि बूट पुसट रेघेत मांडून घ्या. शेवटी चिकटवलेली टोपी ओळखू येतेच. रुंद काठाची ही टोपी खालच्या घेराला तोलते. काठ म्हणजे चपटा लंबगोल. डोकं जेवढं कललं तेवढाच तोही कलवा आणि एक डोळा अर्धा झाकू द्या. हातमोज्यात पाच बोटं मोजत बसू नका. दोन बोटं सुटी, बाकीचा एकच आकार पुरतो. बूट टोकदार.

आता जाकीट, आणि इथे घाई नको. कंबरेखाली ते आतल्या पॅडिंगमुळे कमानीसारखं बाहेर येतं. ती कमान स्कर्टला चिकटवू नका. खालच्या काठाशी बारीक सावली दिली की जाकीट स्कर्टपासून सुटं दिसतं. सगळा सूट या एका जागेवर उभा आहे.

चुण्या त्या काठाखालून पंख्यासारख्या सोडा, पण सगळ्या नकोत. काळी शाई सपाट न भरता चुणीच्या कडेला कागदाची पांढरी चीर राखा. डिओरच्या जाहिराती काढणारे रेने ग्र्युओ जाड, बेधडक रेघ ओढत आणि बरंच काही मोकळं सोडत. चेहऱ्यालाही तेच लागू: ओठ आणि भुवई बस.

जाकिटाला रंग जवळपास नकोच, घडीत फिकट गेरूचा हात पुरे. समासात जाकिटाच्या टसर रेशमाचा आणि स्कर्टच्या काळ्या लोकरीचा तुकडा टाचा. तुकडा नसलेलं स्केच शिंप्याच्या फारसं कामाचं नाही.