विमान का उडतं? समजावताना या चुका टाळा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात विमानाचं मॉडेल असलं की शेजारच्या तक्त्यावर बहुतेक वेळा हे वाक्य असतं : 'पंख वरून फुगीर असतो, वरच्या हवेला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून ती वेगाने जाते.' ते आधी खोडा. पुढच्या कडेला दुभंगलेली हवा मागच्या कडेला एकाच वेळी भेटली पाहिजे, असा कुठलाच नियम नाही. पवनबोगद्यात (पंखावर वारा सोडून पाहण्याच्या बोगद्यात) धूर सोडून पाहिलं तर वरची हवा खालच्या हवेच्या आधी पोचलेली दिसते. फुगीरपणा हेच कारण असतं, तर हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाची विमानं उलटी होऊन उडूच शकली नसती. आणि कागदी विमानाचे पंख तर सपाटच असतात.

खरं काम करतो तो पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन, आणि त्याच्या जोडीला आकार. दोन्ही मिळून हवेला खाली वळवतात. वाहती हवा वळते तेव्हा वळणाच्या आतल्या बाजूला दाब कमी असतो, बाहेरच्या बाजूला जास्त. पंखाच्या वरून जाणाऱ्या हवेच्या वळणाची आतली बाजू म्हणजे पंखाचाच पृष्ठभाग, म्हणून तिथला दाब उतरतो. कमी दाबाकडे ढकलली गेलेली हवा वेग घेते.

इथेच दुसरी चूक होते : 'बर्नुलीमुळे (वेग वाढला की दाब घटतो) इतकी लिफ्ट, म्हणजे वर उचलणारं बल, न्यूटनमुळे (हवा खाली ढकलली की पंख वर ढकलला जातो) उरलेली' अशी वाटणी. बल एकच आहे. पंखावरचा दाब मोजा किंवा खाली ढकललेल्या हवेचा हिशेब करा, उत्तर तेच येतं.

ओठांखाली कागदाची पट्टी धरून वरून फुंकण्याचा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो. पट्टी उचलली जाते, पण 'वेगवान हवेचा दाब नेहमी कमी' हे त्यातून सिद्ध होत नाही. तोच कागद सरळ लोंबता धरा आणि एका बाजूने, त्याला समांतर, खाली फुंका. तो फुंकरीकडे ओढला जात नाही. पहिल्या वेळी पट्टी वाकलेली होती आणि हवा तिच्याबरोबर वळत होती, हा फरक मुलांना जरूर दाखवा.

'वर पोकळी तयार होते आणि विमान ओढलं जातं' हेही नको. हवा फक्त ढकलते. समुद्रसपाटीला दर चौरस मीटरवर हवेचा भार सुमारे १०,००० किलो असतो. ए३२० सारखं ७८ टनांचं विमान सुमारे १२२ चौरस मीटरच्या पंखांवर तोललं जातं, म्हणजे चौरस मीटरमागे ६४० किलो. वरखालच्या दाबात सरासरी सहा-सात टक्क्यांचा फरक पुरतो!

विमान 'स्टॉल' होतं म्हणजे इंजिन बंद पडतं, हा समजही काढून टाका. पंखाचा वाऱ्याशी असलेला कोन साधारण १५ अंशांपलीकडे गेला की हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला धरून वाहत नाही, सुटते, आणि लिफ्ट कोसळते. इंजिन चालू असलं तरीही.

कागदी विमानात हे हाताने तपासता येतं. विमान नाक वर करून थबकतं आणि पडतं? जास्त जोरात फेकू नका, नाकाला एक पेपरक्लिप लावा, म्हणजे गुरुत्वमध्य पुढे सरकेल. सरळ जमिनीत घुसतं? पंखांच्या मागच्या कडा किंचित वर वाकवा. एकाच बाजूला वळतं? समोरून बघा, दोन्ही पंखांचा कोन सहसा सारखा नसतो.