मराठवाड्यातला जुना काळ शूट करताय? मग आधी हे तपासा

सध्या आपल्याकडं बरीच पोरं जुन्या काळावर शॉर्टफिल्म, वेबसिरीज काढायलेत, लई चांगली गोष्ट आहे, पण पुण्या-मुंबईचा इतिहास उचलून तसाच बीड-लातूरवर चिकटवतात आणि तिथंच सगळं फसतं. म्हणून स्क्रिप्ट हातात आली की पहिलं साल आणि गाव पक्कं करा, आणि त्या साली तिथं राज्य कोणाचं होतं ते बघा.

१५ ऑगस्ट १९४७ ला बीडच्या कचेरीवर तिरंगा चढताना दाखवला तर साफ चूक. आपण तेव्हा निजामाच्या संस्थानात होतो, तिरंगा लावला म्हणून लोकांना अटक व्हायची, आपली सुटका १७ सप्टेंबर १९४८ ला, पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय लष्कराच्या कारवाईनंतर. त्यामुळं त्याआधीच्या सीनमधे गोरा कलेक्टर नको, जिल्ह्याचा साहेब म्हणजे तालुकदार आणि कचेरीचा कारभार उर्दूत. पैशाकडं तर कोणी बघतच नाही! निजामाचा स्वतःचा हाली सिक्का होता, इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणायचे, आणि हाली काही ४८ ला लगेच गेला नाही, १९५९ पर्यंत चालला. म्हणजे १९५२ चा सावकार पैसे मोजत असेल तर त्याच्या तोंडी 'हाली का कलदार?' हे आलंच पाहिजे, एवढ्या दोन शब्दांनी सीन आपल्या मातीतला वाटायला लागतो.

७२ च्या दुष्काळावर करताय तर पाटीवर 'जि. लातूर' लिहू नका, लातूर जिल्हा १९८२ चा, त्याआधी उस्मानाबाद. जालना १९८१, हिंगोली १९९९. भिंतीवर काँग्रेसचा पंजा रंगवू नका, तेव्हा गाय-वासरू होतं (१९६९ च्या फुटीआधी बैलजोडी), पंजा १९७८ चा. खायला मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (सरकारनं वाटलेला पौष्टिक खाऊ), कामाला खडी फोडणं, हे बहुतेकांना माहीत असतं, ते बरोबर येतं.

चुकतं ते मागचं शेत. रझाकारांच्या (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या) काळातला सीन आणि बांधावर पांढऱ्या फुलांचं काँग्रेस गवत! हे गवत आपल्या देशात पहिल्यांदा नोंदलं गेलं तेच १९५५ च्या आसपास पुण्यात, मराठवाड्यात तर त्याच्याही नंतर पसरलं. सोयाबीनचंही तसंच, आज सगळीकडं तेच दिसतं म्हणून ७२ मधे टाकू नका, ज्वारी-कापूस घ्या. शूटच्या आदल्या दिवशी दोन माणसं लावून फ्रेमपुरतं गवत उपटून घ्या, ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवा.

रेल्वे दाखवायची असेल तर मनमाड-औरंगाबाद लाईन नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेज (अरुंद रुळांची) होती, आजचे रुंद रूळ दिसले की जाणकार लगेच ओळखतो, तेव्हा रूळ दाखवूच नका, डब्याच्या खिडकीतून काम भागवा आणि शिट्टीचा आवाज लावा.