ज्युदोपटूचा दमसास कसा मोजावा

ज्युदोची लढत 4 मिनिटांची असते, पण त्या 4 मिनिटांत कोणी एकसारखं पळत नाही. झटका, झोंबी, क्षणभर उसंत, पुन्हा झटका. म्हणून मैदानाच्या फेऱ्यांवरून ज्युदोपटूचा दम ठरवणं अपुरं आहे. पोलंडच्या स्टानिस्वाव स्टेरकोविच यांनी 1995 मध्ये मांडलेली एसजेएफटी (स्पेशल ज्युदो फिटनेस टेस्ट) ही चाचणी मॅटवरच, थ्रो करत होते आणि खर्चही जवळपास नाही.

दोन जोडीदार (उके) 6 मीटर अंतरावर समोरासमोर उभे करा. ते खेळाडूच्याच उंचीचे आणि वजनगटाचे हवेत; 10 किलो जड उके दिला की थ्रो घटतात आणि मोजमापच फसतं. खेळाडू मधोमध, म्हणजे दोघांपासून 3 मीटरवर उभा राहील. जागा चिकटपट्टीने आखून ठेवा. शिट्टी वाजली की त्याने धावत जाऊन एका उकेला इप्पॉन सेओई नागे मारायचा (कुस्तीतल्या धोबीपछाडीच्या जवळचा डाव), लगेच दुसऱ्याकडे धावायचं, आणि असंच चालू ठेवायचं. पहिला टप्पा 15 सेकंदांचा, मग 30 सेकंदांचे दोन. मध्ये 10-10 सेकंदांची विश्रांती. उकेने विरोध करायचा नाही, पण स्वतःहून उडीही मारायची नाही. पडल्यावर झटकन उठून जागेवर यायचं. शिट्टीच्या आत पूर्ण झालेलाच थ्रो धरा.

तिसरा टप्पा संपताक्षणी हृदयाचे ठोके नोंदवा, आणि बरोबर 1 मिनिटाने पुन्हा. इथेच सर्वाधिक चुका होतात. बोटांनी नाडी 15 सेकंद मोजून 4 ने गुणली तर एका ठोक्याची चूक 4 ठोक्यांची होते, शिवाय त्या 15 सेकंदांत ठोके उतरूही लागलेले असतात. मनगटी घड्याळ पकडीच्या झटापटीत सरकतं. ठोके मोजणारा छातीचा पट्टा वापरा. वेळ पाहणारा, थ्रो मोजणारा आणि ठोके लिहिणारा अशी तीन वेगळी माणसं ठेवा.

दोन्ही वेळच्या ठोक्यांची बेरीज करून एकूण थ्रोंनी भागा. येणारा निर्देशांक जितका कमी तितकं चांगलं. प्रौढ पुरुष ज्युदोपटूंसाठी रूढ असलेल्या वर्गवारीत 11.73 किंवा कमी म्हणजे उत्कृष्ट, 14.85 किंवा जास्त म्हणजे फारच कमकुवत. मुलं आणि कुमार खेळाडूंना हे आकडे लावू नका. त्यांची तुलना त्यांच्याच मागच्या नोंदीशी करा.

मात्र निर्देशांकावर थांबलात तर अर्धी माहिती वाया जाते. एकाने 28 थ्रो केले, ठोके 190 आणि 174. दुसऱ्याने 25 थ्रो, ठोके 175 आणि 150. दोघांचा निर्देशांक 13.0च! पहिल्याकडे वेग आणि ताकद आहे, पण मिनिटभरात ठोके जेमतेम 16 ने उतरले. त्याला दमसास वाढवणारा लांब पल्ल्याचा सराव हवा. दुसरा लवकर सावरतो, पण एकतर त्याचा थ्रो संथ आहे किंवा त्याने जोर राखून ठेवला. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याची तुलनाही करा: 11 थ्रोंवरून 8 वर घसरण झाली तर वारंवार झटके देण्याची क्षमता तिथे तुटते आहे. पहिल्या 15 सेकंदांतच थ्रो कमी पडले तर स्फोटक ताकदीकडे बघा.

पहिल्यांदा दिलेली चाचणी सरावापुरतीच धरा, कारण वेग कसा राखायचा हे खेळाडू तेव्हाच शिकतो. पुढची प्रत्येक चाचणी त्याच वेळी, तेवढाच वॉर्म-अप करून, आदल्या दिवशी जड सराव न ठेवता, शक्यतो त्याच उकेंसोबत घ्या. वजन उतरवण्याच्या दिवसांत तर घेऊच नका: अंगातलं पाणी कमी झालं की ठोके वाढतात आणि दम घटल्यासारखा दिसतो. चाचणी 6 ते 8 आठवड्यांनी पुन्हा घेणं पुरेसं आहे. ताप किंवा डोक्याला मार असेल तर चाचणी नाही. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबवून डॉक्टरांना दाखवा.

पकडीसाठी वेगळी, अगदी सोपी चाचणी आहे. ज्युदोगी (ज्युदोचा पोशाख) आडव्या दांडीवर टाकून तिचं कापड दोन्ही हातांनी धरायचं, कोपर पूर्ण वाकवून लटकायचं आणि कोपर सुटेपर्यंतचे सेकंद मोजायचे. मग 15 मिनिटं विश्रांती देऊन, हात पूर्ण सरळ करत आणि हनुवटी दांडीवर नेत, किती वेळा वर खेचता येतं ते मोजा. ज्युदोगी दर वेळी तीच आणि कोरडी ठेवा. त्याच दिवशीचं वजनही शेजारी लिहा. वजन वाढलं असेल तर लटकण्याचे सेकंद कमी होणं म्हणजे पकड सैल झाली असं नव्हे.