घोडबंदरला नवीन राहायला आलात? आधी फोन लावा, मग ग्रुपवर टाका

दसऱ्याला पझेशन घेतलेली मंडळी डिसेंबरपर्यंत सामान लावून मोकळी होतात आणि जूनपर्यंत सगळं गोडीगुलाबीत चाललेलं असतं. मग पहिला पाऊस पडतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर सापाचा पहिला फोटो येतो, हललेला, झूम केलेला, खाली "हा विषारी आहे का, प्लीज अर्जंट". त्यानंतर दीडशे मेसेज, त्यातले निम्मे हात जोडलेले. दरवर्षी हेच, फक्त विंग बदलते. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय, नवीन कोणी आलं की हेच पाठवेन.

मी मूळची सांगलीकडची, मिस्टरांच्या नोकरीमुळे इकडे आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. नौपाड्यातले जुने ठाणेकर आम्हाला अजून ठाणेकर मानत नाहीत, घोडबंदर म्हणजे त्यांच्या लेखी परगावच. असू दे. टँकर, ट्रॅफिक आणि मेट्रोचं खोदकाम याबद्दल तुम्हाला पहिल्या आठवड्यातच सगळं कळेल, मी काही सांगत नाही.

जे बिल्डर सांगत नाही ते सांगते. तुमच्या मागच्या बाल्कनीतून दिसणारा डोंगर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. शंभरेक चौरस किलोमीटरचं जंगल आहे ते, आणि येऊर, मानपाडा, ओवळा, गायमुख ही सगळी त्याची आपल्या अंगाची बाजू. 'फॉरेस्ट व्ह्यू' म्हणून चौरस फुटामागे जास्तीचे पैसे मोजलेत ना, मग फॉरेस्टलापण तुमचा व्ह्यू आहे हे धरून चाला. भिंत आपण घातलीय, ती त्यांना विचारून घातलेली नाही.

आता साप. इथे दोन प्रकारची माणसं राहायला येतात. एक दादर-गिरगावकडून आलेली, त्यांना गांडूळ जरा मोठं दिसलं तरी वॉचमनला हाका. दुसरी आमच्यासारखी गावाकडून आलेली, आणि खरं सांगू, जास्त धोका या दुसऱ्यांना आहे. "आम्ही शेतकऱ्याची पोरं, आम्हाला काय साप शिकवता" म्हणत हे हातात झाडू घेऊन पुढे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी आपल्या भागात आहेत. धामण, दिवड, कवड्या हे बिनविषारीपण आहेत आणि दिसतात बहुतेक वेळा हेच. पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे.

आमच्याच भागातले एक गृहस्थ, नाव नको, तळमजल्यावर राहतात. पावसाळ्यात रात्री जेवणं आटोपल्यावर चपलांच्या रॅकखाली हातभर साप, काळा, अंगावर पांढरे पट्टे. हे म्हणाले कवड्या आहे, आणि पाण्याची रिकामी बाटली कापून त्यात त्याला ढकलायला गेले. बोटाला काहीतरी टोचल्यासारखं झालं, रक्त नाही, सूज नाही, दुखणंपण नाही. मग काय केलं, तर फोटो ग्रुपवर टाकला. निम्मे म्हणाले कवड्या, निम्मे म्हणाले मण्यार, एकाने हळदीचा लेप सुचवला, एकाने हनुमानाचा फोटो टाकला, आणि बी विंगमधल्या एका सरांनी इंटरनेटवरून दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले की कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात आणि मण्यारचे उलटं, शेपटीकडे ठळक. बरोबर होतं ते. पण ज्याला चावला तो माणूस तोपर्यंत "काही होत नाहीये" म्हणून झोपायला गेला होता. पहाटे पोटात कळा, पापण्या उघडेनात, जीभ जड. मण्यारचं असंच असतं, चावल्याचं कळतसुद्धा नाही आणि विष नसांवर काम करतं, श्वास घेणारे स्नायूच ढिले पडतात. व्हेंटिलेटरवर होते. वाचले, पण मेडिक्लेम संपून वर लाखांत बिल, आणि रजा सगळ्या गेल्या. तो ग्रुपवरचा वेळ हॉस्पिटलात गेला असता तर एवढं झालंच नसतं असं डॉक्टर तोंडावर म्हणाले.

तर हे पाठ करा. साप दिसला की ग्रुप नाही, फोन. वनविभागाची हेल्पलाईन १९२६. गेटवरच्या वहीत आपल्या भागातल्या सर्पमित्रांचे नंबर लिहिलेले असतात, नसतील तर सेक्रेटरीच्या मागे लागून लिहून घ्या. तोपर्यंत एकाने लांबून नजर ठेवायची, बाकीच्यांनी मुलं आत घ्यायची, बस. पट्टे बघत बसू नका, मी वर लिहिलेला फरक वाचूनसुद्धा बघत बसू नका.

आणि चावलाच, किंवा चावला असं नुसतं वाटलं तरी, माणसाला चालवू नका, अंगठी-घड्याळ-बांगड्या काढा, चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा धरा आणि निघा. दोरी बांधायची नाही, ब्लेड लावायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, हे सगळं सिनेमातलं. साप मारून बरोबर न्यायचा नाही. आपल्याकडची सर्पदंशाची लस, म्हणजे विष उतरवणारं औषध (अँटी-व्हेनम), चारही विषांवर एकच आहे, त्यामुळे साप ओळखण्यासाठी डॉक्टर थांबून राहत नाहीत, लक्षणं बघून ठरवतात. १०८ ला फोन करा, पण संध्याकाळी घोडबंदर तुंबलेला असेल तर शेजाऱ्याची गाडी काढा. आणि हे आजच करा, जवळच्या दोन हॉस्पिटलांना फोन करून विचारा, सर्पदंशाची लस आणि व्हेंटिलेटर दोन्ही आहे का. चकचकीत लॉबी असलेल्या सगळ्यांकडे असतंच असं नाही.

सर्पमित्राबद्दल एक. चांगला मुलगा असेल तर येईल, साप पिशवीत घालेल, वनविभागाला कळवेल, जाईल. त्याला पेट्रोलचे पैसे द्या, चहा द्या. पण जो नागाला फणा काढायला लावून मुलांना गोळा करतो, रील काढतो, त्याला परत बोलवू नका, कमिटीतल्या कोणाचा भाचा असला तरी. वन्यजीव कायदा १९७२ पासून आहे, साप मारणं, पकडून ठेवणं, त्याचे खेळ करणं हे सगळं त्यात येतं.

बिबट्या. यावर जास्त घाबरणं आणि कमी विचार करणं चालतं. २०१५ मध्ये कॅमेरे लावून उद्यानात आणि आसपास मोजणी झाली तेव्हा ३५ बिबटे मिळाले होते, म्हणजे तुम्ही फ्लॅट बुक करायच्या आधीपासून ते इथेच आहेत. २०१९ च्या फेब्रुवारीत एक तर थेट कोरम मॉलमध्ये शिरला होता, तिथून जवळच्या हॉटेलच्या तळघरात, तिथे बेशुद्ध करून त्याला नेला. हे खरं. पण दर पावसाळ्यात ग्रुपवर येणारा 'आपल्या मागच्या रस्त्यावरचा' व्हिडिओ हा भलत्याच गावचा असतो. गेल्या वर्षी आमच्या सीसीटीव्हीत एक सावली दिसली, मुलांना आठवडाभर खाली खेळायला सोडलं नाही, आणि शेवटी ते उदमांजर निघालं.

म्हणून बातमी टाकायचीच असेल तर अशी टाका: किती वाजता, नेमकं कुठे (जनरेटरजवळ, सांडपाण्याच्या एसटीपीच्या मागे, असं), स्वतः पाहिलं की ऐकलं, आणि कोणाला कळवलं. एवढंच. "सावधान!!! सर्वांना पाठवा" असं सुरू होणारं काहीही पुढे ढकलू नका. आणि खरोखर दिसला असेल तर सोसायटीबाहेर अजिबात टाकू नका, अर्ध्या तासात बाईकवरून पोरं मोबाईल घेऊन येतात, मग वनविभागाच्या माणसांना आत शिरायला जागा राहत नाही आणि घाबरलेलं जनावर माणसांवर येतं.

"पिंजरा लावा" म्हणणारे दर मीटिंगला असतात. जुन्नरकडे बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, त्यावर वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी काम केलंय, जिथे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. इथला उचलला तर त्याच्या जागी दुसरा येणार, तो नवखा, त्याला आपल्या वाटा माहीत नाहीत. तो येतो कशासाठी, तर कुत्र्यांसाठी. कुत्री येतात कशासाठी, तर मागच्या भिंतीलगत आपण टाकलेल्या ओल्या कचऱ्यासाठी. उंदीर त्याच कचऱ्याला येतात आणि साप उंदरांना. मेंटेनन्सवर तासभर भांडणारी माणसं कचऱ्याची गाडी दोन दिवस आली नाही तर गप्प बसतात, हे मला कळत नाही.

आमच्या मजल्यावर कामाला येणाऱ्या मावशी येऊरच्या पाड्यावरच्या. वारली लोक वाघोबाला मानतात, त्यांच्या बोलण्यात भीती नसते पण हयगयपण नसते. पहाटे निघताना त्या बॅटरी लावतात, मोबाईलवर मोठ्याने गाणी लावतात, आणि पोराला पुढे पळू देत नाहीत. वाटेत वाकून काही उचलायचं नाही, खाली बसायचं नाही, बसलेला माणूस त्याला लहान जनावर वाटतो. आपले लोक नेमके उलटे, अंधारात कानात इअरफोन घालून मागच्या रस्त्याला जॉगिंग. समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, लहान मूल असेल तर उचलून घ्यायचं, हात वर करून मोठं दिसायचं, आवाज करत हळूहळू मागे सरायचं, आणि त्याची निघायची वाट अडवायची नाही.

माकडं. खायला घालू नका. शनिवारी मारुतीच्या नावाने केळी वाटणाऱ्या काकांनापण सांगा, मी सांगून थकले. ड्राय बाल्कनीला जाळी लावा, डोळ्यात डोळे घालून दात दाखवू नका. चावलं किंवा ओरबाडलं, माकड असो की कुत्रा, तर नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा, मिरची-चुना लावत बसू नका.

आग्या मोहोळ बाराव्या मजल्याच्या सज्जाखाली लागलं तर जाळायला माणूस आणू नका, उठलेल्या माशा खाली पार्कात खेळणाऱ्या मुलांवर जातात. खिडक्या लावून घ्या, रात्री त्या बाजूचा दिवा बंद ठेवा, काही महिन्यांनी ती आपण होऊन जातात. आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत टाकीजवळ घारीचं घरटं असेल तर ती डोक्यात पंजा मारते, तेव्हा पापड-कुरडया वाळत घालायला गच्चीवर जाताना छत्री उघडून जा.