निवडणूक निकालांचा इंटरॅक्टिव्ह नकाशा कसा करावा

बोट लावलं की मतदारसंघाचा निकाल उलगडणारा नकाशा करायचा म्हटलं की पहिली चर्चा टूलची होते. ती शेवटी करा. फ्लरिश किंवा डेटारॅपर या वेबवरच्या टूलमध्ये एक ओळही कोड न लिहिता काम होतं. डी३ या जावास्क्रिप्ट लायब्ररीत कोड लिहून हवं ते घडवता येतं, पण वेळ लागतो. नकाशा चुकतो तो मात्र बहुतेक वेळा त्याच्या खालच्या टेबलात.

टेबल

निकालाच्या टेबलात एका उमेदवाराला एक ओळ द्या: मतदारसंघाचा कोड, उमेदवार, पक्षाचा कोड, मतं. विजेता, मताधिक्य आणि मतटक्का हे कॉलम हातानं भरू नका. ते मतांवरून काढले जाऊ द्या, म्हणजे मतं दुरुस्त झाली की तेही आपोआप बदलतील. एकूण मतदार आणि बाद मतं यांचं मतदारसंघनिहाय दुसरं टेबल करा. पक्षाचं नाव, रंग आणि आघाडी तिसऱ्या टेबलात ठेवा. निकालाआधी पक्ष फुटला किंवा आघाडी बदलली तर तिथे एकच ओळ बदलावी लागते.

आकडे आयात करताना स्वल्पविराम काढून टाका. '1,24,500' हे स्प्रेडशीट कधीकधी मजकूर म्हणून वाचते, आणि मजकुराच्या तुलनेत 9,870 हे 1,24,500 पेक्षा मोठं ठरतं, कारण पहिलं अक्षर 9 आहे. नकाशा दिसायला ठीकठाक, विजेता भलताच. मतदारसंघाच्या कोडचं उलट आहे: तो मजकूर म्हणूनच आयात करा, नाहीतर '012' चं 12 होतं आणि सीमांच्या फाइलशी जोडणी तुटते.

जोडणी कोडवरूनच करायची, नावावरून कधीच नाही. एका नावाचे दोन मतदारसंघ असतात, एकाच नावाची तीन लेखनं असतात, मागे-पुढे अदृश्य स्पेस असते. जोडल्यावर दोन याद्या काढा: निकाल आहे पण नकाशावरचा आकार नाही, आणि आकार आहे पण निकाल नाही. दोन्ही रिकाम्या होईपर्यंत पुढे जाऊ नका. सीमांची फाइल कोणत्या पुनर्रचनेनंतरची आहे, तेही तपासा. जुन्या आणि नव्या मतदारसंघाचं नाव सारखं असलं तरी हद्द वेगळी असू शकते. मग मागच्या निवडणुकीशी केलेली तुलना फसवी ठरते.

सीमा

सीमा बहुधा शेपफाइल या प्रकारात मिळतात, पण शेपफाइल म्हणजे एक फाइल नव्हे. सोबतच्या फाइलींसह सगळी झिप उचला. प्रक्षेपणाची (गोल पृथ्वी सपाट नकाशावर कशी उतरवली, त्याची) माहिती त्यातल्याच एका फाइलमध्ये असते. मूळ सीमा इतक्या बारीक असतात की फोनवर पान अडकतं. मॅपशेपर या टूलमध्ये फाइल उघडून सिम्प्लिफाय करा, म्हणजे सीमेचे बिंदू कमी करा; 5 ते 10 टक्के बिंदू ठेवून पाहा आणि किनारपट्टी बघत सरकपट्टी हलवा. 'प्रिव्हेंट शेप रिमूव्हल'वर खूण करायला विसरू नका. ती नसेल तर लहान शहरी मतदारसंघ आणि बेटं चक्क गायब होतात, आणि एकूण जागा मोजेपर्यंत ते कळत नाही.

शेवटी टोपोजेसन या फाइल-प्रकारात निर्यात करा. त्यात दोन शेजाऱ्यांची सामाईक सीमा एकदाच साठवली जाते, त्यामुळे फाइल लहान होते.

डी३ वापरणाऱ्यांना इथे दोन खड्डे लागतात. सगळा पडदा एकाच रंगानं भरला, तर बहुभुजांची दिशा उलटी आहे: डी३ला बाहेरच्या कडेचे बिंदू घड्याळाच्या दिशेनं हवे असतात, तर जिओजेसन या नकाशाच्या फाइल-प्रकाराचं सध्याचं मानक त्याच्या उलट सांगतं. आणि पडदा कोराच राहिला, तर सहसा फाइल अक्षांश-रेखांशात नसून आधीच मीटरमधल्या प्रक्षेपणात असते.

रंग

जमीन मत देत नाही. कॅनडातील नुनावुत हा प्रदेश त्या देशाच्या भूभागाचा सुमारे पाचवा हिस्सा व्यापतो, पण कनिष्ठ सभागृहात तिथून खासदार एकच. भौगोलिक नकाशावर त्या एका जागेचा रंग अख्ख्या महानगरावर मात करतो. म्हणून शेजारी दुसरं दृश्य द्या, ज्यात प्रत्येक जागेला एकसारखा षट्कोन असेल, आणि एका बटणानं अदलाबदल करू द्या. षट्कोनांची मांडणी आपोआप नीट होत नाही. शेजारपण जपत हातानं सरकवावी लागते.

रंग पक्षाचा, गडदपणा मताधिक्याचा. तीन पायऱ्या पुरेत, उदाहरणार्थ 5 टक्क्यांच्या आत, 5 ते 15, आणि त्यावर. दहा छटा केल्या तर त्या कोणालाच ओळखू येत नाहीत. 'इतर' आणि 'निकाल बाकी' दोन्ही राखाडी ठेवणं ही तर नेहमीची चूक. लाल आणि हिरवा शेजारी आले तर रंगदोष असलेल्यांना फरक दिसत नाही, तेव्हा एकावर रेघोट्या द्या. जिथे जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात, तिथे मात्र विजेत्याचा रंग अर्थहीन आहे, मतटक्का दाखवा.

काही मतदारसंघ काळेकुट्ट दिसले तर घाबरू नका. बहुधा तिथे निवडणूक बिनविरोध झाली आहे: मतं शून्य, भागाकार फसला, रंग मिळाला नाही आणि ब्राउझरमध्ये आकार काढणाऱ्या एसव्हीजीनं आपला मूळचा काळा भरला. त्यांना वेगळी नोंद द्या.

टॅप आणि झूम

फोनवर माउस नसतो, त्यामुळे होव्हरवर (माउस नुसता वर नेण्यावर) काहीही महत्त्वाचं अवलंबून ठेवू नका. टॅप केल्यावर खाली पट्टी उघडावी: पहिले तीन उमेदवार, मतं, मताधिक्य, मतदानाची टक्केवारी, मागचा विजेता. बोटाखाली न मावणाऱ्या मतदारसंघांसाठी शोधपेटी हवीच. झूम केल्यावर सीमारेषा दोरखंडासारख्या जाड होतात. रेषेची जाडी झूमसोबत वाढणार नाही अशी सोय एसव्हीजीमध्ये आहे, ती वापरा. काही हजार आकारांपर्यंत एसव्हीजी चालतं. मतदान केंद्रांची पातळी गाठायची असेल तर कॅनव्हास (आकारांऐवजी थेट पिक्सेल रंगवणारी पद्धत) किंवा व्हेक्टर टाइल्स (नकाशाचे लागतील तेवढेच तुकडे आणणारी पद्धत) घ्या.

मागच्या वेळेशी तुलना दाखवताना 40 वरून 44 टक्के ही 4 टक्के-बिंदूंची वाढ आहे, '10 टक्के वाढ' नव्हे. गणितात दोन्ही बरोबर, पण शेजारी मतटक्का असताना दुसरं लिहिलं की वाचक गोंधळतो.

मतमोजणीचा दिवस

वाचकांचे ब्राउझर थेट मूळ स्रोतावर सोडू नका. तुमच्या एकाच स्क्रिप्टनं दर मिनिटाला आकडे आणून स्थिर फाइल बनवावी, सगळ्यांनी तीच वाचावी. फाइल बदलण्याआधी दोन तपासण्या ठेवा: जिंकलेल्या, पुढे असलेल्या आणि बाकी जागांची बेरीज एकूण जागांइतकी आहे का, आणि कुणाची मतं आधीपेक्षा कमी झाली का. पहिली चुकली तर जुनी फाइलच राहू द्या. दुसरी खरी दुरुस्तीही असू शकते, म्हणून ती माणसाकडे पाठवा.

पुढे असलेल्या जागेला फिकट रेघोट्या, जिंकलेल्या जागेला भरीव रंग. पहिल्या फेरीत भरीव रंग दिला तर वाचक तो निकालच समजतो. पानावर लिहायची वेळ आकडे अद्ययावत झाल्याची, पान उघडल्याची नाही.

रंगीत तालीम मागच्या निवडणुकीच्या आकड्यांवर करा, फेरीफेरीनं सोडून, आणि त्या पानावर 'चाचणी' असा ठळक आडवा शिक्का ठेवा. स्क्रीनशॉट काढून फिरवणारे पत्ता पाहत नाहीत.