‘काम ९० टक्के पूर्ण’ वाचताना या चुका टाळा

गेल्या महिन्यात वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आमच्या शेजारच्या वहिनींनी मोबाइल माझ्यापुढे धरला. “काका, हे बघा, आपल्या हॉलचं काम ९० टक्के झालं म्हणे. रमाचा साखरपुडा तिथेच करू.” मी आदल्याच दिवशी त्या जागेवर जाऊन आलो होतो. स्लॅब पडलेला, भिंती उभ्या. पण वायरिंगचा पत्ता नाही, लिफ्टच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचलेलं आणि ड्रेनेजची जोडणी रस्त्यापर्यंत आलेलीच नाही. बातमी खोटी नव्हती. ९० टक्के कशाचे, एवढंच तिच्यात लिहिलं नव्हतं.

खासगी कंत्राटदारांकडे साइटवर मोजमापं घेण्यात माझी ३० वर्षं गेली. त्यामुळे वडोदरा महानगर सेवासदनाच्या कामाची बातमी आली की माझी नजर आधी आकड्याखाली काय दडलंय ते शोधते. हा पैसा आपण भरलेल्या वेराबिलातून, म्हणजे करातून जातो, आणि हॉल, बाग, तलाव, घरकुलं ही आपल्याच मुलाबाळांच्या वापराची आहेत. म्हणून आपली माणसं वारंवार कुठे चुकतात ते लिहून ठेवतो आहे.

खातमुहूर्ताच्या दिवसापासून महिने मोजणं

खातमुहूर्त, म्हणजे भूमिपूजन झालं, पेपरात फोटो आला, की आपण बोटांवर महिने मोजायला लागतो. कामाचं घड्याळ मात्र वर्क ऑर्डरपासून चालू होतं. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, टेंडर, स्थायी समितीचा ठराव, अनामत रक्कम, करारनामा एवढ्या पायऱ्या झाल्यावर वर्क ऑर्डर निघते आणि करारातली मुदत तिथून धरली जाते. ही तारीख माहीत नसली की दोन्हीकडून घोळ होतो. मुदत सुरू होण्याआधीच आपण ओरडतो आणि मुदत खरोखर उलटते तेव्हा आपल्याला कळतही नाही. मुदत पावसाळा धरून आहे की वगळून, हेही विचारून घ्या. वडोदऱ्यात या एका शब्दानं चार महिने इकडचे तिकडे होतात.

साइटवर फलक लागला की पहिल्याच दिवशी त्याचा फोटो काढा. कामाचं नाव, रक्कम, कंत्राटदार, सुरुवात आणि शेवट, सगळं त्यावर असतं. वर्षभरानं तो फलक जागेवर असेलच असं नाही.

टक्का कशाचा, हे न विचारणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

प्रगतीचे टक्के दोन तऱ्हांनी निघतात. एक, प्रत्यक्ष काम किती झालं. दुसरा, पैसा किती गेला. कंत्राटदार झालेल्या कामाची मोजमापं मेजरमेंट बुकात, म्हणजे एमबीत, चढवून घेतो आणि त्यावर आरए बिल, म्हणजे चालू बिल निघतं. इमारतीत पाया, कॉलम, स्लॅब यांत लोखंड आणि काँक्रीट भरपूर जातं, बिलं मोठी निघतात आणि पैशाचा टक्का भराभर चढतो. मागे उरतात ती सगळी रेंगाळणारी कामं: प्लंबिंग, वीजजोडणी, लिफ्ट, फायरची परवानगी. रकमेनं लहान, पण त्यांच्यावाचून दार उघडत नाही. उलटंही घडतं. काम झालेलं असतं, बिल अडकलेलं असतं आणि कागदावर प्रगती कमी दिसते.

त्यात भागाकाराचाही घोळ असतो. समजा १० कोटींचं काम आहे, ९ कोटी खर्च झाले. टक्का ९०. मग वाढीव बाबी आल्या, सुधारित अंदाजपत्रक १३ कोटींवर गेलं. तेच ९ कोटी आता जेमतेम ६९ टक्के झाले. एक वीटही न हलता प्रगती मागे गेली. म्हणून टक्का ऐकला की दोन प्रश्न लगेच विचारा: प्रत्यक्ष की आर्थिक, आणि मूळ रकमेवर की सुधारित?

एखाद्या योजनेतली ‘इतक्यांपैकी इतकी कामं पूर्ण’ ही मांडणीही तपासून घ्यावी लागते. वडोदऱ्याचं नाव स्मार्ट सिटीच्या सप्टेंबर २०१६ च्या यादीत आलं आणि ते मिशन ३१ मार्च २०२५ ला संपलं. अशा मोठ्या योजनांत एखादी माहितीची पाटी हेही एक काम आणि तलावाचा सगळा काठ हेही एकच काम. मोजणीत दोन्ही सारखी. बाकी राहिलेली कामं कोणती आणि ती किती रकमेची, ही यादी मागा. ‘पूर्ण’च्या यादीपेक्षा तीच जास्त बोलते.

जुन्या वास्तूला नव्या इमारतीचं माप लावणं

न्यायमंदिराची इमारत १८९६ ची. २०१८ मध्ये कोर्ट तिथून हललं आणि तेव्हापासून येता-जाता लोक विचारतात, अजून काही होत कसं नाही? विचारायलाच हवं. पण मांडवीचा दरवाजा असो, पोळातला (जुन्या गल्लीतला) वाडा असो की न्यायमंदिर, चुन्यातल्या बांधकामाची दुरुस्ती घाईत होत नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो. त्याच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला तर भिंतीतली ओल आत कोंडते आणि काही पावसाळ्यांत पोपडे धरतात. तेव्हा जुन्या वास्तूत परांची बांधल्यापासून दोन महिन्यांत सगळं गुळगुळीत झालेलं दिसलं, तर मला आनंदाआधी काळजी वाटते. इथे वेगापेक्षा माल काय वापरला, हे विचारा.

टीपी आली म्हणजे रस्ता आला, असं धरणं

तरसाळी, हरणी, वाघोडिया रोड अशा कडेच्या भागांत घर किंवा प्लॉट घेताना एजंट सांगतो, “टीपी पडली आहे, आता विकासच विकास.” गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यात टाउन प्लॅनिंग स्कीमचे, म्हणजे टीपीचे, मसुदा, प्राथमिक आणि अंतिम असे टप्पे आहेत, आणि त्यांत वर्षं जातात. सगळ्या जमिनी एकत्र धरून त्यांची नव्यानं आखणी होते. कायद्यातल्या मांडणीत रस्त्यांना १५ टक्के, बागा-मैदानांना ५, शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींना ५ आणि विक्रीसाठी १५ टक्क्यांपर्यंत जमीन जाते. उरलेली मालकाला नव्या आकारात, नव्या क्रमांकानं परत मिळते. तो अंतिम प्लॉट. बरेच जण जुना सर्व्हे नंबर पाहून व्यवहार करतात आणि नवीन आखणीत आपला तुकडा कुठे सरकला, हे बघतच नाहीत.

मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून हरकत घ्यायला एक महिना असतो. हा महिना सोडू नका. मसुदा राज्य सरकारनं मंजूर केला की रस्त्यांसारख्या सार्वजनिक कामांची जमीन योजना करणाऱ्या संस्थेकडे जाते, बाकीचे टप्पे मागून चालू राहतात. म्हणजे नकाशावर प्रगती झालेली असते, पण तुमच्या दारापुढे डांबर यायला आणखी काळ लागू शकतो. ती संस्था सेवासदन आहे की ‘वुडा’ (वडोदरा शहरी विकास प्राधिकरण), हेही आधी पाहा. चुकीच्या दारात अर्ज दिला की महिना वाया.

पुनर्विकासात सही आधी, वाचन नंतर

जुन्या सोसायट्यांत हे सर्रास दिसतं. गुजरातमध्ये २०१८ च्या दुरुस्तीनंतर २५ वर्षं जुन्या किंवा धोकादायक ठरलेल्या इमारतीला ७५ टक्के सभासदांची संमती पुरते. त्यामुळे “सगळे म्हणतात तर करू या सही” असं होतं. इमारत पाडल्यावर आपल्या हातात फक्त कागद उरतो. त्यात पर्यायी जागेचं भाडं किती महिने आणि काम लांबलं तर पुढेही मिळणार का, बिल्डरची बँक हमी आहे का, जुन्या घराइतका कार्पेट एरिया लिहिला आहे का, हे पाहूनच सही करा. भाडं थांबलं की सत्तरीतल्या माणसांना लेकीच्या घरी एका खोलीत राहावं लागतं. मी ते पाहिलं आहे.

प्रकल्प रेरात, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडे नोंदला असेल तर दर तिमाहीला प्रगती गुजरात रेराच्या संकेतस्थळावर टाकावी लागते. ती वाचा आणि मग प्रत्यक्ष जागेवर जा. घर देणारी संस्था सरकारी असली तरी घर किंवा प्लॉट विकताना तीही कायद्यात बिल्डरसारखी प्रवर्तकच धरली जाते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आणि बीयू, म्हणजे इमारत वापरण्याच्या परवानगीआधी सामान हलवू नका, कितीही घाई असली तरी.

माहिती अधिकारात ‘का’ विचारणं

“काम का रखडलं?” असा अर्ज केला की “लागू पडत नाही” असं उत्तर येतं. कारण कायदा कागद देतो, खुलासा नाही. म्हणून कागदाचं नाव घ्या: वर्क ऑर्डरची प्रत, मुदतवाढीचे सगळे आदेश, शेवटचं आरए बिल, एमबीची पानं, त्रयस्थ तपासणीचे अहवाल. २००५ च्या कायद्यात चालू कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. तो वापरणारी माणसं मला क्वचितच भेटली.

गुजरातमध्ये अर्जाची फी २० रुपये. उत्तर ३० दिवसांत यायला हवं; नाही आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. आपल्या मराठी मंडळींसाठी एक खास सूचना: अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा राज्याच्या राजभाषेत करायचा असतो. मराठीतला अर्ज इथे चालणार नाही. आजोबांनी सुंदर अक्षरात मराठीत लिहून दिलं असेल, तर नातवाकडून ते गुजरातीत उतरवून घ्या.

लोकार्पणानंतर पाठ फिरवणं

ही चूक मी स्वतः केली आहे. आमच्या भागात एक छोटी सार्वजनिक इमारत झाली. लोकार्पणाला मी होतो, पेढे खाल्ले, घरी आलो. दोषदायित्वाचा काळ, म्हणजे ज्या मुदतीत बिघाड झाला तर कंत्राटदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचं तो काळ, किती आहे हे मी विचारलंच नाही. पहिल्या पावसाळ्यात जिन्याजवळ ओल आली. बघू, असं म्हणालो. दुसऱ्या पावसाळ्यात धारा लागल्या, तेव्हा लेखी तक्रार केली. मुदत १२ दिवसांपूर्वी संपली होती. दुरुस्ती झाली, पण सगळ्यांच्या पैशातून.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा नव्या आणि जुन्या सगळ्याच कामांची परीक्षा झाली. पाणी कुठवर आलं, भिंत कुठे फुगली, फरशी कुठे खचली, हे त्याच आठवड्यात फोटो आणि तारखेसह लिहून ठेवलं असतं, तर मुदतीत असलेल्या कामांच्या तक्रारी हातात राहिल्या असत्या.

आता आमच्या गल्लीत एक वही आहे. वहिनी ती सांभाळतात. पहिल्या पानावर हॉलची वर्क ऑर्डर तारीख, खाली मुदत, मग दर महिन्याच्या १ तारखेला कोणीतरी जाऊन पाहिलेलं दोन ओळींत. या महिन्याची नोंद रमानं केली आहे: “लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी काढलं. ड्रेनेज अजून नाही.” साखरपुडा त्यांनी तूर्त घरीच ठरवला आहे.